प्रोपेनच्या टाकीचा काटा दुपारी वर चढतो! सेन्सर, गळती आणि देखभालीबद्दल माहिती हवी आहे

झुळूक
नमस्कार मंडळी. आमच्या नव्या घरात शेगडी, गरम पाणी आणि घर तापवणं, तिन्ही प्रोपेनवर चालतं. अंगणात १९०० लिटरची आडवी टाकी आहे. दर वेळी टोपण उघडून डायल बघायला जायचा कंटाळा, म्हणून डायलवर बसणारा सेन्सर घेतला. आता फोनवर आलेख दिसतो, पण तो विचित्र आहे. पहाटे ६१ टक्के, दुपारी ६३, रात्री परत ६१. मधे टँकर आलेला नाही. सेन्सर बिघडलाय का?

दुसरं म्हणजे, या टाकीचं नियमित काय काय बघायचं असतं? गॅसवाला येतो, भरतो, पावती अडकवून जातो. बाकी कोणी काही सांगत नाही.

भोचक_भवानी
दुपारी आपोआप गॅस वाढतो? पत्ता द्या, आम्हीही राहायला येतो. :)

हिशेबनीस
सेन्सर ठणठणीत आहे. टाकीत प्रोपेन द्रवरूपात असतं आणि ऊन लागलं की तो द्रव फुगतो. ० अंशाला एक लिटर प्रोपेन साधारण ५२९ ग्रॅम भरतं, २० अंशाला ५०० ग्रॅम, ३० अंशाला ४८४ च्या आसपास. वजन तेवढंच, आकारमान जास्त. टाकीतला तरंगता फ्लोट वजन मोजत नाही, फक्त पातळी बघतो. तुमच्या टाकीतला द्रव दिवसभरात दहा-बारा अंशांनी तापला तर ६१ चे ६३ व्हायलाच हवेत.

म्हणून रोज एकाच वेळचा आकडा घ्या, शक्यतो पहाटेचा, ऊन पडायच्या आधीचा. खपाचा हिशेब त्याच आकड्यांवर करा. ऋतू बदलताना हाच फरक मोठा दिसतो: ३० अंशाला ७० टक्के दिसणारी टाकी एक थेंब न वापरता उणे १० ला ६३ च्या खाली दिसेल. दर हिवाळ्याच्या तोंडाला कोणीतरी 'माझी टाकी गळते' म्हणून घाबरतं, त्यातल्या बऱ्याच टाक्या नुसत्या गारठलेल्या असतात.

भोचक_भवानी
म्हणजे दुपारी टँकर बोलावला तर फुगलेला गॅस विकतात की काय?

हिशेबनीस
टँकरच्या मीटरला तापमानाची दुरुस्ती जोडलेली असते. पावतीवरचे लिटर १५ अंशाला धरून काढलेले असतात. पावतीवर तसा उल्लेख आहे का ते मात्र बघून घ्या.

जुगाडू
डायल, फ्लोट वगैरे भानगड कशाला? एक चांगला प्रेशर गेज लावा. दाब उतरला की गॅस संपत आला. सोपं काम.

पानापक्कड
जुगाडूभाऊ, हे प्रोपेनला लागू नाही. टाकीत जोवर थोडासा तरी द्रव आहे तोवर दाब फक्त तापमानावर ठरतो. २० अंशाला गेजवर ७ बारच्या थोडं वर दिसेल, मग टाकी ८० टक्के असो की ८ टक्के. उणे २० ला दीड बारच्या आत येईल, तेव्हाही टाकी भरलेली असू शकते. दाब खऱ्या अर्थाने पडायला लागतो तो शेवटचा द्रव उकळून गेल्यावर. म्हणजे गेज तुम्हाला बातमी देणार तेव्हा बर्नर विझायच्या बेतात असणार.

झुळूक, ८० टक्क्यांचं कोणी सांगितलं का? टाकी कधीही त्याच्या वर भरत नाहीत, आणि कारण हिशेबनीस म्हणाले तेच. उणे १० ला ८० पर्यंत भरलेली टाकी ४० अंशाच्या उन्हात ९३ च्या जवळ पोचते. वरची मोकळी जागा त्यासाठीच ठेवायची. पूर्ण द्रवाने भरली तर पुढे फुगायला जागा नाही, मग जादा दाब बाहेर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडणार. भरणारा माणूस डायलवर विसंबून राहत नाही. तो एक बारीक स्क्रू सैल करतो, ८० ला पातळी लागली की त्यातून पांढरी फवार येते आणि तो हात थांबवतो. तो स्क्रू आपण हौसेने उघडायचा नाही. त्यातून द्रव बोटांवर आला तर जागच्या जागी हिमदंश, कारण मोकळ्या हवेत प्रोपेन उणे ४२ अंशाला उकळतं.

डायल चार-पाच टक्के इकडेतिकडे दाखवणं हे नेहमीचंच. ३० टक्क्याला ऑर्डर द्या म्हणतात ते याचसाठी, शिवाय थंडीच्या लाटेत टँकर उशिरा येतो.

झुळूक
वा, आता आलेख कळायला लागला. ३० टक्के म्हणजे नक्की किती दिवस, हे कसं काढायचं?

हिशेबनीस
एका लिटरमधून साधारण ७ युनिट ऊर्जा मिळते (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास). समजा हीटर २० किलोवॅटचा आहे आणि कडाक्याच्या दिवसांत तो एकूण सहा तास पूर्ण ताकदीने जळतो. १२० युनिट झाले, म्हणजे दिवसाला १७ लिटर. १९०० लिटरच्या टाकीचे ३० टक्के म्हणजे ५७० लिटर. त्यातले तळाचे १० टक्के हिशेबात धरूच नका. उरले ३८०, म्हणजे जेमतेम २२ दिवस. गरम पाणी आणि शेगडी अजून धरलेलीच नाही. हीटरवरच्या पट्टीवर त्याची ताकद लिहिलेली असते, ती घेऊन स्वतःचा आकडा काढा.

सेन्सरचा खरा उपयोग इथे आहे, असं माझं मत. किती शिल्लक आहे हे डायलही सांगतो. खपाचा उतार अचानक तिरका झाला तर ते सेन्सरशिवाय कळत नाही. घर बंद असताना पहाटेचा आकडा रोज उतरतोय आणि थंडीही वाढलेली नाही, तर कुठेतरी गॅस जातोय.

जुगाडू
ठीक, प्रेशर गेज मागे घेतला. पण विकतचा सेन्सर कशाला? डायलच्या काट्याला चुंबक असतं, त्यावर चुंबकाची हालचाल टिपणारा एक हॉल सेन्सर, एक छोटा वायफाय बोर्ड आणि मोबाईलची जुनी पॉवरबँक. सगळं टाकीच्या टोपणाखाली मस्त मावतं. मी करतोय, फोटो टाकेन.

पानापक्कड
फोटो टाकू नका आणि करूही नका. टोपणाखालची जागा म्हणजे सगळ्या व्हॉल्व्हची जोडणी. तिथे थोडाफार गॅस साठू शकतो, आणि भरताना तर हमखास सुटतो. हवेत सव्वादोन टक्क्यांच्या आसपास प्रोपेन झालं की ठिणगी पुरते. विकतचे सेन्सर स्फोटक वातावरणासाठी तपासलेले असतात, बिघडले तरी ठिणगी पडेल एवढी ऊर्जा त्यांच्या सर्किटमध्ये येऊच देत नाहीत. पॉवरबँकेला यातलं काही लागू नाही. शिवाय थंडीत ती मान टाकणार ते वेगळंच.

जुगाडू
बोर्ड आणि बॅटरी टाकीपासून लांब ठेवून फक्त सेन्सरची वायर आत नेली तर?

पानापक्कड
वायर आत गेली म्हणजे वीज आत गेली. मधे वीज मर्यादेत ठेवणारा सुरक्षा बॅरियर वगैरे नीट लावायचा तर विकतच्या सेन्सरपेक्षा जास्त खटाटोप होईल. कल्पकता घराच्या आत वापरा: तयार सेन्सरचे आकडे ओढून घ्या, त्यांचे आलेख, सूचना काय हवं ते करा.

आणि जे कोणी सेन्सर बसवणार असतील त्यांच्यासाठी महत्त्वाचं. डायल दोन बारीक स्क्रूंवर बसलेला असतो. ते काढले तर गॅस सुटत नाही, कारण आतला फ्लोट आणि बाहेरचा काटा चुंबकाने जोडलेले असतात, मधे धातूची अखंड भिंत आहे. पण त्याच्या भोवतीचे जाड बोल्ट म्हणजे थेट टाकीचं तोंड. त्यांना पाना लावायचा नाही. कुठला स्क्रू कुठला हे ओळखता येत नसेल तर गॅसवाल्याकडून बसवून घ्या. टाकी भाड्याची असेल तर आधी त्यांना विचारायलाच हवं.

निळी_ज्योत
सेन्सरवर एवढी चर्चा झाली, रेग्युलेटरबद्दल कोणीच बोललं नाही! टाकीची जाड भिंत सहसा दगा देत नाही, दगा देतो तो रेग्युलेटर. टाकीतला ७ बारचा दाब घरातल्या उपकरणांसाठी ३० मिलिबारच्या आसपास आणायचं काम तो करतो, मोठ्या टाकीला बहुधा दोन टप्प्यांत. आतल्या रबरी पडद्याला श्वास घ्यायला एक भोक असतं. ते खाली तोंड करून आणि जाळी लावलेलं हवं. त्यात कोळी जाळं करतो, कुंभारमाशी माती भरते, हिवाळ्यात बर्फ गोठतो. भोक बुजलं की पडदा नीट हलत नाही आणि घरात जास्त दाबाने गॅस येऊ शकतो. ज्योत अचानक मोठी झाली, पिवळी पडली, बर्नर भुरभुर आवाज करायला लागला तर वापर थांबवा आणि माणूस बोलवा.

रेग्युलेटरवर बनवल्याची तारीख कोरलेली असते. त्याचं आयुष्य किती ते कंपनी सांगते. ते उलटलं असेल तर चालतोय म्हणून चालवू नका, रबर आतून कडक होतं आणि बाहेरून काही दिसत नाही. झुळूक, तुमची टाकी आधीच्या मालकाच्या काळातली असणार, उद्या सकाळी पहिली ती तारीख बघा.

झुळूक
बघितली. तारीख वाचता येत नाही, वरून रंग मारलाय. आणि भोक आकाशाकडे तोंड करून आहे. :( गॅसवाल्याला फोन केला, रेग्युलेटर बदलायला आणि त्याच वेळी गळतीची चाचणी करायला येतोय.

निळी_ज्योत
छान केलंत. रंगावरून आठवलं, टाकीवरची माहितीची पट्टी, रिलीफ व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर सोडून बाकी टाकी रंगवायची. रंग पांढरा किंवा फिकट. हौसेने गडद हिरवा दिला तर उन्हात दाब विनाकारण चढतो. गंज आधी टोपणाच्या कडेला, पायांच्या सांध्याशी आणि पोटाखाली धरतो, तिथे वाकून बघा. वरवरचा असेल तर घासून रंगवता येतो, खड्डे पडले असतील तर तो आपला विषय राहत नाही. रिलीफ व्हॉल्व्हवरची टोपी जागेवर हवी, नाहीतर पाणी आत जाऊन गंजतो. त्यात वाकून डोकावायचं मात्र नाही, उघडला तर थेट तोंडावर.

मूकवाचक
पहिल्यांदाच लिहितोय. वासाबद्दल विचारायचं होतं. प्रोपेनला वास घातलेला असतो ना? मग डिटेक्टर हवाच का? आमच्या सासूबाई म्हणतात, नाक आहे की.

निळी_ज्योत
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण डिटेक्टर लावाच. मुळात प्रोपेनला वास नाही, त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात. तो वास काही वेळा फिका पडतो. टाकी नवी असेल किंवा आतून गंजलेली असेल तर मरकॅप्टन तिथेच शोषलं जातं. पुरलेल्या पाइपातून गळती झाली तर माती वास गाळून घेते. आणि आपलं नाकही काही मिनिटांत सरावतं. सर्दी झाली असेल किंवा झोपेत असू तर बोलायलाच नको. वय वाढतं तसं नाक मंदावतं, हे सासूबाईंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

डिटेक्टर जमिनीलगत, फुटाभराच्या आत लावायचा. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ते खाली बसतं, जिन्यावरून तळघरात उतरतं आणि तिथेच साचतं. छताला लावलेला डिटेक्टर शोभेचा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा, तोही हवा, एकाचं काम दुसरा करत नाही. दोन्हींच्या सेन्सरला मुदत असते, ती मागच्या बाजूला छापलेली असते.

पानापक्कड
+१. आणि वास आला किंवा अलार्म वाजला तर: दिव्याचं बटण दाबायचं नाही, चालू असलेलं बंदही करायचं नाही, खिडक्या उघडत बसायचं नाही, घरातून फोन लावायचा नाही. सगळ्यांनी बाहेर. टाकी वाटेत असेल आणि तिथे जाणं सुरक्षित असेल तर मुख्य व्हॉल्व्ह घड्याळाच्या दिशेने फिरवून बंद करायचा. मग लांब जाऊन फोन. हा व्हॉल्व्ह कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला आज दाखवून ठेवा.

जुगाडू
साबणाचं पाणी लावून सांधे तपासलेले चालतील ना? की तेही नको? ;)

पानापक्कड
चालेल, जरूर करा. फक्त अमोनिया असलेला साबण नको, त्याने पितळी सांध्यांना तडे जातात. गळती तपासायचा तयार द्रव मिळतो, तो उत्तम. बुडबुडे आले तर व्हॉल्व्ह बंद करून गॅसवाल्याला बोलवा, पाना घेऊन आवळत बसू नका.

अजून एक. मुख्य व्हॉल्व्ह उघडताना हळूहळू. झटकन उघडला तर आतला जादा-प्रवाह व्हॉल्व्ह पाइप फुटला असं समजून बंद होतो आणि मग 'टाकी भरलेली आहे पण गॅस येत नाही' असे फोन येतात. तसं झालं तर पूर्ण बंद करा, थोडं थांबा, पुन्हा सावकाश उघडा. हा जादा-प्रवाह व्हॉल्व्ह छोट्या गळतीला अजिबात दाद देत नाही, त्याच्या भरवशावर राहायचं नाही.

भोचक_भवानी
गॅस पूर्ण संपला तर काय होतं? नुसती गैरसोयच ना? भरला की झालं.

पानापक्कड
ताई, नुसती गैरसोय नाही. गॅस संपला की पायलटची, म्हणजे बर्नर पेटवायला सतत तेवणारी छोटी ज्योत विझते, आणि कुठला तरी बर्नर उघडा राहून जातो. पुन्हा गॅस आला की तो तसाच बाहेर. म्हणून रिकामी टाकी भरल्यावर सगळी पाइपलाइन गळतीसाठी तपासायची आणि एकेक उपकरण नीट पेटवून बघायचं. बऱ्याच ठिकाणी तसा नियमच आहे, आणि पुरवठादार त्याचे वेगळे पैसे लावतो. रिकाम्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा राहिला तर हवा आणि ओलावा आत जातो, आतून गंज, आणि गंजाने वास मारला जातो. वर निळी ज्योत म्हणाल्या त्याचं मूळ इथेच आहे.

हिशेबनीस
कडाक्याच्या थंडीत टाकी रिकामी नसतानाही गॅस कमी येतो, तेही सांगून टाकतो. द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती टाकीच्या पत्र्यातून येते, द्रव जिथवर टेकलाय तेवढ्याच भागातून. पातळी खाली गेली की हा भाग कमी, बाहेर थंडी, आणि नेमका तेव्हाच हीटर सगळ्यात जास्त मागतो. मग टाकीवर दहिवर गोठतं. त्याची कड म्हणजे आतली द्रवाची पातळी, डायल बंद पडला तर हे फुकटचं मोजमाप.

यावर उपाय पातळी राखणं हाच. टाकीवरचा बर्फ मऊ झाडूने काढा, टोपण आणि रेग्युलेटर मोकळा ठेवा. फावडं नको, उकळतं पाणी नको. आणि कोणी ब्लोटॉर्च किंवा शेकोटीची आयडिया काढली तर त्याला धाग्यातून हाकलून द्या.

मूकवाचक
आता माझा खरा प्रश्न. आमची टाकी जमिनीत पुरलेली आहे, वर फक्त टोपण दिसतं. गंज बघायचा कसा?

पानापक्कड
बघता येत नाही, मोजायचा असतो. पुरलेल्या टाकीला मॅग्नेशियमची कांडी, म्हणजे अॅनोड, तारेने जोडून शेजारी पुरतात. टाकीच्या पोलादाऐवजी ती कांडी झिजते. कांडी संपली की पोलादाची पाळी. तपासणी सोपी आहे: मल्टिमीटरचं एक टोक टाकीला, दुसरं मातीत टेकवलेल्या तांबे-मोरचूदच्या इलेक्ट्रोडला. उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त उणे आलं तर टाकी सुरक्षित. उणे ०.६ वगैरे दिसलं तर कांडी संपलीय किंवा तार तुटलीय.

टाकी आणि घराचा पाइप यांच्यामध्ये वीज तोडणारा सांधा आहे का तेही विचारा. तो नसेल तर बिचारी कांडी तुमच्या घराची सगळी अर्थिंग सांभाळत बसते आणि लवकर झिजते. शेवटचं माप कधी घेतलं आणि किती आलं ते पुरवठादाराकडून लेखी घ्या. 'सगळं ठीक आहे' हे उत्तर धरू नका, आकडा मागा.

मूकवाचक
खूप धन्यवाद. हा शब्द मी आजवर ऐकलाच नव्हता. अवांतर: आमची जागा जरा सखल आहे, नदी तशी जवळच. पुरात टाकीला काही होतं का? पुरलेली आहे आणि भरलेली असते, म्हणजे जड, असं मी धरून चाललोय.

हिशेबनीस
जड नाही हो! १९०० लिटरची रिकामी टाकी ४३० किलोच्या आसपास धरा. ८० टक्के भरली तर आत १५२० लिटर, म्हणजे पावणेआठशे किलो. एकूण १२०० च्या घरात. पूर्ण बुडाली तर १९०० किलो पाणी बाजूला सारते. म्हणजे काठोकाठ भरलेली टाकीसुद्धा पाण्यावर तरंगते, आणि वरची माती भिजून सैल झाली की पुरलेलीही वर येते. येताना पाइप तोडून येते.

पानापक्कड
बरोबर. सखल जागेत टाकी काँक्रीटच्या पायाला पट्ट्यांनी बांधलेली असते. तुमची आहे का ते विचारा, पट्टे गंजले असतील तर बदलून घ्या. पुराचा इशारा आला की निघण्यापूर्वी मुख्य व्हॉल्व्ह आणि उपकरणांचे कॉक बंद करा. पाणी ओसरल्यावर लगेच चालू करायचं नाही. रेग्युलेटर पाण्याखाली गेला असेल तर वाळवून भागत नाही, नवाच बसवावा लागतो, आणि बुडालेल्या हीटर-गीझरचे गॅस व्हॉल्व्हही बदलावे लागतात.

झुळूक
रेग्युलेटर बदलला, गळतीची चाचणी झाली, भोक आता खाली तोंड करून टोपणाच्या आत आहे. गॅसवाल्याने टाकीशेजारचं झुडूपही तोडायला सांगितलं, वाळलेलं गवत आणि पालापाचोळा टाकीच्या आसपास तीन मीटरपर्यंत नको म्हणाला. गवत कापायचं यंत्र टाकीच्या पायांना आणि पाइपाला लागू देऊ नका, असंही सांगून गेला. डिटेक्टर तळघरात लावलाय. शेगडीजवळही एक हवा का?

निळी_ज्योत
हवा, पण ओट्याच्या अगदी खाली नको. बर्नर पेटवताना सुटणाऱ्या जराशा गॅसने आणि साफसफाईच्या फवाऱ्यांनी तो उगाच वाजत राहील, मग घरातलं कोणीतरी वैतागून प्लग काढून ठेवेल. दोन-तीन मीटरवर, दाराच्या झोतात येणार नाही अशा भिंतीला, खाली लावा. आणि महिन्यातून एकदा त्याचं चाचणीचं बटण दाबत जा.